सोसायटीच्या गोदामाची चावी

दहेज, जिल्हा भरूच
२ नोव्हेंबर २०२५

तात्या,

घरची गोष्ट चवाट्यावर मांडली म्हणून माझ्यावर तोंड सोडायचं तर सोडा, पण ऋतुजाकरवी सोडू नका. "त्याला म्हणावं, आता इकडं तोंड दाखवू नको," हा तुमचा निरोप माझ्या बहिणीनं मला फोनवर रडत रडत सांगितला. पोरीला कावून मधी घालता? मांडली मी गोष्ट. आणखीन चार ठिकाणी मांडीन. सोसायटीचं गोदाम ही काय आपली घरची गोष्ट हाय? मला मिसरूड फुटायच्या आधीच सोसायटी बुडाली. चेरमन वारले, सेक्रेटरी लातूरला गेला. मागं राहिलं ते चार भिंतींचं गोदाम, आतली जुन्या पावडरीची पोती, अन् तुमच्या करदोट्याला बांधलेली चावी.

झालं ते एवढंच झालं. कंपनीत साहेबांनी आमाला उभं करून विचारलं, कुणाच्या गावाकडं बंदी आलेलं जुनं औषध, पावडर पडून हाय का? मी हात वर केला. तात्या, शाळेत मी कधी हात वर केला न्हाई. सातवीतून पळालो, तुमीच छडी घेऊन मागं पळाले व्हते. इथं पहिल्यांदा हात वर केला अन् तुमी म्हणता नाक कापलं.

मी हितं काय करतो ते नीट ऐका. आमच्या कंपनीत मोठी भट्टी हाय. इखारी माल तिच्यात जाळतात, असा जाळतात की धूर बी बाहेर पडायच्या आधी धुवून काढतात. माझं काम माल भरायचं. अंगात पांढरा झगा, तोंडाला मुखवटा, हातात कोपरापर्यंत मोजे. पहिल्या दिवशी परभणीचा मुंजाजी मला म्हणला, "सोम्या, आज तू नवरदेवापेक्षा जास्त झाकलाय बे." अन् जी पावडर आमी असं झाकून हाताळतो, तीच तुमी उघड्या हातानं चिमटी चिमटी पुडीत बांधून सगळ्या करंजवस्तीला गोचिडाचं औषध म्हणून देता.

आता जगातल्या लई देशांनी मिळून एक भिशी केली हाय. गरीब देशांत असला माल पडून हाय, तो गोळा करायचा, जाळायचा, अन् तिथल्याच माणसांना काम शिकवायचं. ह्या खेपेला आपल्याकडचा नंबर लागलाय. वीस जानेवारीला केज तालुक्यात गाडी येणार. मी सांगितलं म्हणून यादीत आपलं गोदाम लागलं. पण कुलूप तोडायचं न्हाई असा त्यांचा नियम हाय. ज्याच्याकडं चावी, त्यानं सोता उघडायचं अन् सही करायची. मार्चला पैसा संपला की भिशी बंद. गोदामाचा पत्रा फुटलाय, खाली उतारावर वस्तीची हीर हाय. पोती फुटली की पावडर कुठं जाईल ते तुमाला मी सांगायला पायजे का?

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाई. ऋतुजाच्या मोबाइलवर लिहून धाडलं तर म्हणता, काचेवरचं पुसता येतं, कागदावरचं दाखव. घ्या कागद.

चावी द्या. अन् तोवर कुणाला पुडी देऊ नका.

तुमचा पुतण्या
सोमनाथ


करंजवस्ती, युसूफ वडगावजवळ
१४ नोव्हेंबर

चि. सोमनाथ यास तात्याबाचा आशीर्वाद. राग हाय, तरी आशीर्वाद देतो. दस्तूर हाय.

तू मला शिकवतो? पुण्याच्या हाटेलात तीन महिने, मंग पोल्ट्रीत, मंग वीटभट्टीवर, मंग म्हणला ड्रायवर होतो. तुझे पाय एका जागी ठरले असते तर मी तुझं ऐकलं असतं. माझे ठरले. शेरडं चारली, पर रोज संध्याकाळी ह्याच वस्तीत आलो. म्हणून चेरमननं चावी माझ्याकडं दिली. म्हणले, तात्याबा, माणूस बघून देतो. पावतीबिवती काई न्हाई. इमानावर दिली.

अन् तुझी ती भिशी. तुला एक सांगतो. ती पावडर आली तवा बी असेच साहेब आले व्हते. पिकावर आळी पडलती. पोत्यावर परदेशी अक्षरं व्हती. तवा बी फुकट दिली. तवा बी म्हणले, बाहेरच्या देशाची मदत हाय, चांगली हाय, हातानं उधळा. आमी उधळली. आता तेच म्हणतात, वंगाळ हाय, परत न्यायला आलोय. उद्या आणखीन काय आणतील? दिलं बी त्यांनीच, न्यायला बी तेच, अन् मधल्या मधी माझ्या पुतण्याला झगा घालून उभं केलं.

छबुबाईच्या शेळीला गोचीड झाले की ती कुणाकडं येती? माझ्याकडं. धोंडीरामाचा बैल अंग घासाया लागला की तो कुणाला हाक मारतो? मला. अमरसिंह एवढा पुढारी, त्याच्या घोड्याला बी माझीच पुडी. आता मी काय सांगू, औषध बंद झालं, पुतण्यानं बंद केलं?

चावी मिळणार न्हाई. गाडी आली तशी जाईल.

तुझी मोठीआई दगडाबाई बरी हाय. तिनं तुला खारे शेंगदाणे धाडायचे म्हणून भाजले, मीच खाल्ले.

अक्षर वाकडं आलंय. पेन खराब हाय.

तात्याबा


दहेज
२३ नोव्हेंबर

तात्या,

शेंगदाणे खाल्ले ते बरं केलं. पोस्टानं आले असते तर मुंजाजीनं खाल्ले असते.

तुमचा सवाल लई खरा हाय. दिलं बी त्यांनीच अन् न्यायला बी तेच. मी तोच सवाल वांबुई म्याडमना विचारला. म्याडम केनिया देशाच्या हायत, आमाला शिकवायला आल्या. त्यांच्या देशात हे काम आधी झालं. त्या इंग्लिश बोलतात, साहेब त्याचं हिंदी करतात, अन् मी हिंदीचं मराठी करून मुंजाजीला सांगतो. तीन भाषांतून आल्यावर मुंजाजी म्हणतो, "हात धुवून जेवा, एवढंच ना? माझी आई बी हेच म्हणायची." तर म्याडमनी माझा सवाल ऐकला. मंग म्हणाल्या, "माझे वडील गुराखी. आमच्याकडं बी ती पावडर मदत म्हणूनच आली. तुझ्या काकांनी विचारलं ते मी बी भर सभेत विचारलंय, अन् विचारत राहणार. पण तंटा आपण कितीबी वरसं भांडू शकतो. पोतं तेवढा येळ थांबत न्हाई. ते खालून कुजतं."

अन् म्हणाल्या, आता बाहेरून माणसं येऊन माल उचलून नेत न्हाईत. शिकायचं आपल्या पोरांनी, भरायचं आपल्या पोरांनी, जाळायचं आपल्याच भट्टीत. पैसा त्यांचा, हात आपले. म्हणजे उद्या पुन्यांदा कुणी फुकट पोती घेऊन आलं, तर काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक असंल. तात्या, मला झगा घालून कुणी उभं केलं न्हाई. मी सोता उभा राहिलो. अन् पाय म्हणता तर हितं मला दीड वरीस झालं.

पेन खराब हाय म्हणता. पेन खराब असलं की शाई तुटती, अक्षर थरथरत न्हाई. तुमचं अक्षर उताराला लागल्यावाणी खाली घसरलंय. तुमीच मला पाटीवर श्री काढायला शिकवला, तो दोरी लावल्यावाणी सरळ व्हता. हात कापतात का? खरं लिहा.

ऋतुजा, हे खालचं तुला. छबुआजीकडं जा. पुडीला हात लावू नको, वास घ्यायला नाक जवळ नेऊ नको, आजीलाच विचार. रंग कसा, वास येतो का, अन् तात्या पुडी कुठून काढून देतात, ते मला लिही.

सोमनाथ


करंजवस्ती
६ डिसेंबर

प्रिय सोमनाथदादा,

तात्या सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. पेन नवीन आहे, तरी तात्या म्हणाले तूच लिही.

तात्या सांगतात: त्या म्याडमला म्हणावं, गुराख्याच्या पोरीला आमचा राम राम. बाई शहाणी हाय. पर शहाण्या बाईला बी मी चावी देणार न्हाई.

तात्या सांगतात: माझे हात चांगले हायत. काल बोकडाचं शिंग धरून त्याला आडवा पाडला.

(बोकडानं तात्यांना पाडलं. हे मी लिहिलंय, त्यांना वाचून दाखवताना गाळणार आहे.)

तात्या सांगतात: दीड वरीस म्हणजे काय लई न्हाई. मी रेडिओ दीड वरीस दुरुस्तीला टाकला व्हता.

तात्या सांगतात: अमरसिंहानं तुझ्या गाडीसाठी फ्लेक्स छापायला टाकलाय. त्यावर त्याचा फोटू एवढा, अन् खाली बारीक अक्षरात "आमच्या प्रयत्नांना यश". त्याला विचारलं, तुझे प्रयत्न कंचे? तर म्हणला, तात्या, फ्लेक्स हेच प्रयत्न. अशा माणसापुढं मी कुलूप उघडू?

इथवर तात्यांचं. आता माझं, ते शेरडांकडं गेलेत.

दादा, मी छबुआजीकडं गेले होते. आजी म्हणाली पुडीला वास नाही. पूर्वी यायचा, घसा धरायचा, डोळ्याला पाणी यायचं. आता अगदी गुणाची झालीय म्हणे, पावडर मुरली की इख मरतं. रंग करडा, बोटाला मऊ. पाण्यात टाकली तर तळाशी बसते. आजी एका पुडीला एक अंडं देते. आणि तात्या पुडी गोदामातून काढत नाहीत. आपल्या घरातल्या फडताळात पत्र्याचा डबा आहे, त्यातून देतात. गोदाम उघडलेलं मी कधीच बघितलं नाही. पण बंकटकाकाचा टेम्पो परळीहून येताना गोदामाच्या भिंतीला थांबतो. काहीतरी उतरवतात की चढवतात, मी गेले की तात्या आणि काका दोघं गप्प बसतात.

आणि हात कापतात. कप धरताना दोन हातांनी धरतात. मोठीआई म्हणते थंडीनं. ऊन असलं तरी कापतात.

तुझी
ऋतुजा


दहेज
१३ डिसेंबर

तात्या,

आता मी आवाज चढवून लिहितो, कारण कागदाला ऐकू येतं.

मी रोज तीच पावडर भरतो. मुखवटा काढला तरी कपड्याचा वास दोन दिवस जात न्हाई. ती कितीबी जुनी झाली तरी मुरत न्हाई, इख मरत न्हाई, वास जात न्हाई. हीच तर तिची खोड हाय, म्हणून तर तिला बंदी. म्हंजे छबुआजीच्या पुडीत पावडर न्हाईच. दुसरंच काईतरी हाय. मंग खरी पोती कुठं गेली?

मला जोडाजोड करायला सातवी पुरती. बंकटकाकाचा टेम्पो भिंतीला लागतो. पोरगी आली की दोघं गप्प. गोदाम उघडलेलं कुणी बघितलं न्हाई. तुमी त्याला पोती दिली. त्यानं ती कुणाच्या तरी रानात स्वस्त औषध म्हणून खपवली. भाजीवर पडली असंल, हरभऱ्यावर पडली असंल, कुणाच्या लेकराच्या पोटात गेली असंल. अन् वीस तारखेला गाडी आली की गोदाम रिकामं निघंल, म्हणून चावी देत न्हाई. इज्जत, इमान, चेरमननं माणूस बघून दिली, ते सगळं ह्या रिकाम्या गोदामाला कुलूप लावायला.

मी साहेबाला काईच सांगितलं न्हाई अजून. सांगावं लागंल. कारण माल विकला गेला असंल तर तो कुठं गेला हे शोधायला माणसं लागतात, अन् जेवढा उशीर तेवढा तो पसरतो. तुमी चुलते हाय म्हणून मी गप बसणार न्हाई. पत्राचं उत्तर येईस्तोवर थांबतो. तेवढंच.

सोमनाथ


करंजवस्ती
२४ डिसेंबर

सोमनाथ,

आशीर्वाद लिहीत न्हाई. मीच लिहितोय. अक्षर वाकडं येऊ दे, कुणाच्या बापाला लाज न्हाई.

बेईमान म्हणला तू मला. कागदावर म्हणला.

तर ऐक. पोती आत हायत. जितकी चेरमननं मोजून दिली तितकी हायत, त्यातलं एकच म्या आधी फोडलं व्हतं. दोन उंदरानं फाडली, त्याला मी सोता दुसऱ्या पोत्यात घातली. तवापासून हात कापतात. अगुदर बी कापत व्हते, तवापासून जास्त.

आपली काळी कुत्री ध्यानात हाय का? तू तवा लहान. म्या शेरडाला पावडर चोळली, कुत्रीनं शेरडाला चाटलं. दुपारी पाय झाडून मेली. चार करडं बी गेली. त्या दिवशी मला समजलं. केजला गेलो, तालुक्याला अर्ज दिला, माल घेऊन जा म्हणून. म्हणले येऊ. दुसऱ्यांदा दिला. म्हणले, सोसायटी बुडाली तर माल कुणाचा तेच ठरंना, बघू. कुणी आलं न्हाई.

मंग मी काय करू? लोकाला म्हणलं असतं, इख हाय, देत न्हाई, तर लोकं काय म्हणले असते? तात्याबा आपल्या शेरडांपुरतं राखतोय. एका रात्रीत कुलूप तोडून घरोघर नेली असती. धोंडीराम तर म्हणलाच व्हता, न्हाई दिली तर पत्रा उचकटतो. म्हणून मी न्हाई म्हणलो न्हाई. बंकटला म्हणलं, परळीच्या इजेच्या कारखान्याची राख तू वीटभट्टीला आणतो, त्यातली पाटीभर मला टाकत जा. चाळली. डब्यात भरली. तीच पुडी. राखंनं बी गोचीड गळतात, फकस्त दर बाजाराला चोळावी लागती. म्हणून त्यांना दर बाजाराला बोलवायचो. बंकटनं आजवर तोंड उघडलं न्हाई. तू त्याला चोर म्हणला.

जोवर लोकाला पुडी मिळती तोवर कुलूप सलामत. असं म्या राखलं.

आता तुझी गाडी आली की पोती बाहेर निघतील, शिवलेली. अन् सगळी वस्ती बघंल की तात्याबानं राख दिली अन् अंडी खाल्ली. म्हणून चावी देत न्हाई. बाकी मला कुणाचं भ्याव न्हाई.

तात्याबा


दहेज
३१ डिसेंबर

तात्या,

पत्र मी जिन्यात उभ्यानं वाचलं, मंग पुन्यांदा पहिल्यापासून वाचलं. मुंजाजीला वाटलं घरी कुणी गेलं.

जे लिहिलं ते मागं घेतो. बंकटकाकाच्या पाया पडायला मी सोता येईन. आता लगेच पुढचं बोलू, कारण वीस तारीख थांबणार न्हाई.

मी तुमची गोष्ट वांबुई म्याडमना सांगितली. नाव न्हाई सांगितलं, गाव न्हाई सांगितलं. साहेबांनी तिचं इंग्लिश केलं. आधी त्या हसल्या. मंग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, माल जिथं हाय तिथंच राहिला पायजे, लोकांच्या हाताला लागला न्हाई पायजे, हेच आमी देशोदेशी शिकवत फिरतो. हे तुझे काकाच ना, त्यांना हे कुणी शिकवलं? मी म्हणलं, शेरडांनी.

पण तात्या, आता राख पुरणार न्हाई. पोतं खालून कुजतंय, हे तुमीच दोन पोती बदलताना बघितलं. तुमचे हात त्याचीच साक्ष देतात. राखण संपली. आता माल हवाली करायचा. राखणदाराचं शेवटचं काम हेच असतं.

मी गाडीवर यायचं म्हणून मागितलं, दिलं न्हाई. दुसरी टोळी हाय. म्हणून लिहून धाडतो. शेरडं आदल्या दिवशीच वडाखाली न्या. गोदामासमोरचा कडबा उचला, तो जनावराला घालू नका. आत झाडू मारायचा न्हाई, धूळ उडती. वारं ज्या बाजूला जातं तिकडं कुणी उभं राहायचं न्हाई, लेकरं तर न्हाईच. टोळीतल्या माणसानं मुखवटा दिला तर घालायचा, "मला दाढी हाय" म्हणून नाटक करायचं न्हाई.

अन् वस्तीला काय सांगायचं ते तुमी सांगायचं. गाडी यायच्या आधी. लोकांनी पोती बघून समजून घेण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं. मी जवळ न्हाई, पण मी असतो तर मी बी तुमच्या पुढं उभा राहिलो नसतो. शेजारी राहिलो असतो.

चावी तुमचीच. तुमीच फिरवा.

सोमनाथ


करंजवस्ती
२१ जानेवारी २०२६

प्रिय दादा,

काल गाडी आली. सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर तू फोन करून भंडावशील.

तुझं पत्र आल्यावर तात्या कितीतरी दिवस ते टोपीत ठेवून शेरडांमागं जायचे. एकोणीस तारखेला स्वतःच शेरडं वडाखाली नेऊन बांधली. मोठीआई मला म्हणाली, "उघडतोय बघ."

काल सकाळी अमरसिंहभाऊ फ्लेक्स घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. नारळ, फीत, कात्री, सगळं. फितीला आधार नव्हता म्हणून एक टोक त्यांनी बोरीला बांधलं. गाडीतून टोळी उतरली. त्यांच्या मुख्य बाई म्हणाल्या, "गोदामाजवळ ज्याला यायचं त्यानं आधी मुखवटा." भाऊंनी घातला. मग फोटो काढले. दादा, त्या फोटोत भाऊ कोणते आणि ड्रायव्हर कोणता हे त्यांच्या बायकोलासुद्धा ओळखू येईना. भाऊ म्हणाले, "अरे, फ्लेक्स जवळ धरा, म्हणजे कळंल!"

सगळी वस्ती लांब उभी होती. तात्या पुढं गेले, पण कुलपाकडं नाही. आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ते फार मोठ्यानं बोलले.

"ऐका. आत इख हाय. माझी काळी कुत्री मेली तवापासून म्या तुमाला इख दिलं न्हाई. परळीची राख दिली. अंडी खाल्ली. ज्याला जे म्हणायचं ते आता म्हणा, मंग कुलूप उघडतो."

मग छबुआजी काठी टेकत पुढं आली.

"राख?"

"राख."

"मंग माझ्या शेळीचे गोचीड गेले ते राखंनं?"

"व्हय."

"मेल्या, राख तर माझ्या चुलीत ढीगभर पडती! कावून सांगितलं न्हाईस? एवढी अंडी खाल्ली माझी!"

तात्यांना नीट ऐकू गेलं नाही, मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "चुलीतली लाव म्हणलं असतं तर लावली असतीस का?"

आजीनं विचार केला. म्हणाली, "न्हाई लावली असती. कुलपातली पायजे व्हती मला." आणि ती हसायला लागली. ती हसली म्हणून बाकीचे हसले. धोंडीरामकाका हसले नाहीत. ते मान खाली घालून उभे होते. नंतर तात्यांजवळ येऊन म्हणाले, "मी पत्रा उचकटणार व्हतो, तात्या. माझ्या घरात चार लेकरं हायत." तात्या म्हणाले, "म्हणून तर." बास, एवढंच.

मग कुलूप उघडलं. चावी भोकात जाईना, हात इतके कापत होते. त्या बाई मदतीला पुढं झाल्या, तर तात्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्या थांबल्या. तिसऱ्यांदा बसली. दार उघडल्याबरोबर तो वास आला. दादा, आम्ही लांब होतो तरी माझा घसा धरला. छबुआजी म्हणाली, "हाच गं, हाच तो पहिला वास!"

टोळीनं एकेक पोतं नव्या पोत्यात घालून पिंपात ठेवलं, प्रत्येकावर कागद चिकटवला. भिंतीकडची पोती खालून पार कुजलेली होती. तिथली मातीसुद्धा खरवडून भरली. विहिरीचं पाणी बाटलीत घेतलं आहे, निकाल येईपर्यंत वडगावहून टँकर येणार. तो मात्र अमरसिंहभाऊंनी खरंच आणला, आज सकाळी आला. गोचिडासाठी जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर महिन्याला येतील असंही ठरलं. तात्यांनी त्यांना विचारलं, "राख चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "कोंबड्यांना चालंल, पण चुलीतली. परळीची कोळशाची, ती नको."

सही करताना बाई म्हणाल्या अंगठा चालेल. तात्या म्हणाले, "सहीच." फार वेळ लागला. सगळे थांबले. वाकडी आली, पण पूर्ण आली. बाईंनी त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, रक्त तपासा, उशीर करू नका. मी तात्यांना सांगितलं तर म्हणाले थंडी आहे.

चावी परत कुणाला द्यायची हे कुणालाच माहीत नव्हतं. सोसायटी नाही, चेअरमन नाहीत. बाई म्हणाल्या आम्हाला नको. तात्यांनी ती करदोट्याची सोडली आणि मला दिली, या पत्रात घाल म्हणाले. पाकिटाला बाहेरून दोरा गुंडाळला आहे. तात्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्याचे पाय ठरत न्हाईत. कंबरेला वजन असू दे."

तुझी
ऋतुजा


दहेज
२९ जानेवारी

तात्या,

आशीर्वाद पुन्यांदा चालू झाला असं धरून दंडवत घालतो.

चावी पोचली. करदोट्याला बांधली. गेटवर पहारेकरी रोज यंत्र फिरवतो, यंत्र ओरडतं, तो विचारतो, "काय रे मराठी, कसली चावी?" मी म्हणतो, रिकाम्या गोदामाची. तो म्हणतो, मंग कशाला बाळगतो? त्याला सांगायला मला अजून तेवढं हिंदी येत न्हाई.

तुमची पोती परवा हितं आली. मी माझ्या हातानं पिंपं उतरवली. कागदावर गावाचं नाव वाचलं. काल भट्टीत गेली. धूर दिसला न्हाई, दिसायलाच न्हाई पायजे. मुंजाजीनं मुखवट्याच्या आतून काईतरी म्हणलं. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणला, "तुझ्या तात्याला राम राम घातला बे, आणखीन काय."

दुसरी गोष्ट. पुढल्या महिन्यापासून मला गोळा करणाऱ्या टोळीत घेतलंय. आधी धाराशिव, मंग जिथं धाडतील तिथं. वांबुई म्याडमनीच नाव दिलं. म्हणाल्या, जिथं चावीवाला म्हातारा अडून बसतो तिथं ह्याला पुढं करा. तर तात्या, ज्याचे पाय एका जागी ठरत न्हाईत असाच माणूस ह्या कामाला लागतो. मार्च सरायला अजून दोन महिने हायत, तोवर जेवढी कुलपं उघडतील तेवढी उघडू.

आता हात. थंडी हाय म्हणू नका. तुमी कुलपापुढं सगळ्या वस्तीला खरं सांगितलं, आता डाक्टरापुढं बी सांगायचं. कितीक वरसं पावडर चोळली, कशी चोळली, दोन पोती कशी बदलली, सगळं. लपवायचं न्हाई. हे पत्र मिळालं की येणाऱ्या पहिल्या सोमवारी ऋतुजाबरोबर अंबाजोगाईला जायचं. तिला मी सांगितलंय, तुमी बसमधून उतरून परत फिरले तर तिनं मोठीआईला बोलवायचं, अन् मोठीआईपुढं तुमचं काई चालत न्हाई हे सगळ्या करंजवस्तीला ठाऊक हाय. जे निघंल ते निघंल, मला कळवायचं. कागदावर. तुमच्या अक्षरात, वाकडं असलं तरी.

त्यासाठी पैसे ऋतुजाच्या खात्यावर टाकतोय. दोघांचं तिकीट, रक्ताची तपासणी, दुपारचं जेवण, अन् वरचे अकरा रुपये छबुआजीला अंड्यांचे म्हणून द्यायचे, ती नको म्हणली तरी. सगळे मिळून तीन हजार चारशे अकरा रुपये.

सोमनाथ